पहिल्या हाकेला ओ

१९८६ साली दसरा झाला आणि कोल्हापुरात भिंतीभिंतीवर हिराची पाठ लागली. घोट्यापर्यंत मोकळे सोडलेले केस, हिरवं लुगडं आणि वर ओघळणारी लाल अक्षरं : ‘ओ देऊ नको, भाग पाचवा. लवकरच येत आहे.’

हिरा रिक्षातून उतरली आणि मंडईच्या कोपऱ्यावरच्या पोस्टरसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“अनसू, डावीकडं बघ. गंगावन सुटलंय.”

“कुणाला दिसतंय ते?”

“मला दिसतंय की.”

ते केस म्हणजे माझं काम. हिराचे स्वतःचे केस खांद्याच्या जरा खाली येतील एवढेच. बाकीची सगळी मी जोडलेली गंगावनं. पहिल्या भागापासून तिची केशभूषा मीच करत होते. आमची मैत्री त्या कंगव्याच्या दातांतूनच झाली म्हणा.

पलीकडं फुलवाली वत्सला गजरे ओवत बसली होती. हिरानं हाक मारली, “वत्सलाऽ”

वत्सलानं मान वर केली नाही. हिरा जरा थांबली, मग पुन्हा म्हणाली, “अगं ए वत्सला!”

“ओ! बोला की बाई,” वत्सला हसत म्हणाली. “दुसरी हाक आली तेव्हा खात्री पटली. म्हटलं माणूसच हाय.”

आजूबाजूचे चार लोक हसले. हिराही हसली. गजरा घेऊन आम्ही वळलो तेव्हा मात्र ती दबक्या आवाजात म्हणाली, “रोज तोच विनोद करतीया. कंटाळत कशी नाही गं ही बाई?” तिचा आवाज तेव्हाच बिघडायला लागला होता. जुनेर फाडताना येतो तसा येत होता. आम्हाला वाटलं, नवरात्रात ओरडून घसा बसला असेल.

ज्यांनी ते सिनेमे पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. गौरा नावाची सून भर दुपारी विहिरीत पडते. हाका मारते. वस्तीवरचं कुणीच ओ देत नाही. मेल्यावर ती एकेकाच्या पाठीमागं येऊन त्याच्या नावानं हाक मारते, एकदाच. ज्यानं ओ दिली तो संपला. जो दुसऱ्या हाकेची वाट बघत गप्प राहिला तो वाचला, कारण भुताला दुसरी हाक नसते. समजूत जुनीच, आमच्या आज्यासुद्धा सांगायच्या. बापूसाहेब इंगवल्यांनी तिचे चार सिनेमे काढले आणि चारही तुफान चालले, थेटरात, तंबूत, जत्रेत. दर वेळी हिरो बदलला, हिरॉइन बदलली. पाठ आणि हाक मात्र हिराची.

ती हाक ओरडण्याची नव्हती. दिवेलागणीला आई अंगणातून पोराला बोलावते, तशी होती. म्हणूनच लोकांच्या अंगावर काटा यायचा. पडद्यावर दात नाहीत, रक्त नाही, नुसती पाठ, आणि ही अशी मायेची हाक.

पहिल्या सिनेमानंतर गावात लोक मुद्दाम तिला ओ देईनासे झाले तेव्हा हिराला मजा वाटायची. “बघ, कसे टरकतात,” म्हणायची. दुसऱ्यानंतर सवय झाली. चौथ्यापर्यंत अशी गत झाली, की नळावरच्या बायका ती येताना दिसली की पाठ करायच्या. दुकानदार तिच्या दुसऱ्या हाकेपर्यंत वजनकाट्याकडं बघत बसायचे. त्यात चेष्टा किती आणि भीती किती, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. पहिल्या हाकेला ओ देणारं कोल्हापुरात कुणी उरलं नव्हतं. मी द्यायची. पण माझं काय, मी तिच्या हाकेच्या आधीच शेजारी असायची.

हिराचा नवरा फार पूर्वी गेला होता. एकच लेक, मनोरमा. कागलच्या बाजूला एका खात्यापित्या घरात दिलेली. जावई शाळामास्तर, सासू कडक. त्या उन्हाळ्यात मनोरमाला दिवस राहिल्याचं कळलं तेव्हा हिरा डबाभर अनारसे घेऊन तिकडं गेली आणि त्याच दुपारी परत आली. डबा नव्हता, पिशवीही नव्हती. मला तिनं काय झालं ते चार महिन्यांनी सांगितलं, मी तिच्या डोक्याला तेल लावत असताना. समोरासमोर सांगितलं नसतं.

“फाटकातनं लेकीला हाक मारली. ती ओट्यावर गहू निवडत बसलेली, मला दिसत होती. सासूनं तिचं मनगट धरलं. लेकीनं मान खाली घातली.”

“मग?”

“मग काय? फाटकावर पिशवी अडकवली आणि आले.”

“अगं, दुसऱ्यांदा हाक मारायचीस की!”

तिनं माझा हात डोक्यावरून बाजूला केला. “सगळ्या गावाला दोनदा मारते. पोटच्या पोरीलासुद्धा मी माणूस आहे म्हणून पटवून द्यायचं?”

त्यानंतर तिच्या तोंडून लेकीचं नाव मी ऐकलं नाही.

दिवाळीत तिला पाणी गिळवेना. मी तिला मिरजेला घेऊन गेले. डॉक्टर भले माणूस होते, वेळ काढून समजावून सांगत होते. गाठ आहे, घशातच आहे, ऑपरेशन करून आवाजाची पेटीच काढावी लागेल. “जीव किती दिवस राहील ते आत्ता सांगता येणार नाही. आवाज राहणार नाही, एवढं नक्की.” हिरानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “शेंगा खाता येतील का?” डॉक्टर गोंधळले. बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, हे काय विचारणं झालं? तर म्हणाली, “दुसरं काय विचारू? त्यांनी सांगितलंच की.”

बातमी बापूंच्या कानावर गेली तसे ते स्वतः धावत घरी आले. माणूस वाईट नव्हता. पण सिनेमावाल्याला आधी सिनेमा दिसतो.

“हिराबाई, मिरजेला जायच्या आधी हाक तेवढी टेप करून घेऊ. मुहूर्त पुढच्या महिन्यात आहे, पण हाक आधी घेतली तर बिघडतंय काय? शूटिंगला पाठ कुणाचीपण चालेल.”

“कुणाचीपण?”

“तसं नव्हे हो...” बापूंनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“देते हाक. पण हिरोचं नाव काय आहे?”

“विठ्ठल.”

“विठ्ठल ओढता येत नाही. शेवटी जीभ टाळ्याला चिकटती. नाव शेवटाला उघडं पाहिजे. मनोहर ठेवा, आणि घरी त्याला मनू म्हणतात असं दाखवा.”

बापूंनी तिथंच ओढून बघितलं, “मनूऽऽ... मनूऽऽऽ... अरे व्वा. चालतंय की! कथा लिहिणाऱ्याला सांगतो.” आणि खूश होऊन गेले. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही. नावांचं हे गणित हिराला चांगलंच कळायचं. तिसऱ्या भागात तिनंच ‘केशव’चा ‘केशा’ करायला लावला होता.

त्या दिवसापासून हिरानं बोलणं टाकलं. हातानं खुणा करायची. मी कारण विचारलं तर कानाशी येऊन कुजबुजली, “एकच हाक उरलीय घशात. भाजीपाल्यात घालवायची नाही.”

रेकॉर्डिंग दुपारी होतं. शहराबाहेरच्या त्या स्टुडिओत आवाज घ्यायची खोली लहानशी होती, भिंतींना गाद्या मारलेल्या. मध्ये जाड दुहेरी काच. काचेच्या अलीकडं आवाज टेप करणारे सदलगे यंत्रं घेऊन बसायचे, बापू बसायचे, आम्ही उभे राहायचो. आतलं सगळं आम्हाला भोंग्यातून ऐकू यायचं. आमचं आत काहीच जायचं नाही. सदलग्यांनी बटण दाबून सांगितलं तरच.

हिराची पद्धत ठरलेली होती. आत गेली की ती काचेकडं पाठ करायची, भिंतीकडं तोंड. “गौरा समोरून बोलत नाही,” म्हणायची. आणि एकदाच हाक. सदलगे कितीही म्हणोत की अजून एक घेऊन ठेवू, हिरा दुसऱ्यांदा तोंड उघडायची नाही. भुताला दुसरी हाक कुठली?

त्या दिवशी मी तिला विचारलंसुद्धा नाही आणि तिची वेणी सोडून केस पाठीवर मोकळे केले. आवाजाच्या कामाला केसांची काही गरज नव्हती. तिनं माझा हात दाबला आणि आत गेली.

सदलगे आवाज लावून घेत होते तेवढ्यात मागचं दार ढकलून मनोरमा आली. पोट चांगलंच पुढं आलेलं, सातवा असेल. घामाघूम झालेली.

“मावशी, आई कुठाय?”

मी काचेकडं बोट केलं.

“तिला बाहेर बोलवा. मला बोलायचंय. पोस्टर आमच्या गावातपण लागलंय. सासूबाई म्हणतात, घरात मूल येणार आणि ही बाई पुन्हा तेच करणार. पाचवा काढू नको म्हणून सांगा तिला. मी तेवढंच सांगायला आलेय. हे बाहेर स्कूटरवर थांबलेत.”

“तुला आईचं काही कळलंय का?” मी विचारलं.

“काय?”

मी सांगितलं. चार वाक्यांत सांगितलं, दुसरं कसं सांगणार? ती भिंतीला टेकली. मग काचेशी गेली आणि आईच्या पाठीकडं बघत राहिली.

“मावशी, त्या दिवशी मी दुसऱ्या हाकेची वाट बघत होते,” ती म्हणाली. “सासूबाईंनी हात धरला होता, म्हणाल्या, दुसरी येऊ दे. मी म्हटलं, येईल आता. गहू हातात घेऊन बसले. तिनं मारलीच नाही हो. मान वर केली तर फाटकाला पिशवी.”

“बाई, आता आवाज नको,” सदलगे म्हणाले. लाल दिवा लागला.

हिराचे खांदे एकदा वर झाले, खाली आले.

“मनूऽऽऽ”

त्या फाटक्या गळ्यातून असा आवाज कुठून निघाला देव जाणे. स्वच्छ, ओला, लांब. मी चार सिनेमांत तिची हाक ऐकली होती. ही त्यांतली नव्हती. ही गौराची नव्हतीच. मनोरमाला लहानपणापासून घरात मनूच म्हणायचे.

“ओ!” मनोरमा म्हणाली.

पहिल्याच हाकेला, क्षणाचाही वेळ न घेता, खेळून दमलेलं पोर देतं तशी. “ओ, आई! आले!”

तिचे दोन्ही तळवे काचेवर होते. आत हिरा भिंतीकडं तोंड करून उभी. केस पाठीवर हलले, तेवढेच. काच दुहेरी होती.

बापू आ वासून बघत राहिले. सदलग्यांनी लाल दिवा बंद केला आणि डोळ्यांना रुमाल लावला. मग मनोरमाला आपण काय केलं ते समजलं. तिनं एक हात तोंडावर ठेवला, दुसरा पोटावर. तिचा चेहरा असा झाला की तो मला आजही आठवू नये असं वाटतं. बाहेर स्कूटरचा हॉर्न वाजला, पुन्हा वाजला.

“मनू, थांब, ती येतेय बाहेर!”

“मी ओ दिली, मावशी,” एवढंच म्हणाली, आणि पळाली. त्या अवस्थेत जेवढं पळता येईल तेवढं.

हिरा बाहेर आली ती पदरात तोंड धरून. पदराला रक्त होतं. मी तिला बाकावर बसवलं, पाणी दिलं, आणि सगळं सांगितलं. ती माझ्याकडं बघतच राहिली. मग माझे दंड धरून कुजबुजली, “पहिल्या हाकेला?”

“पहिल्याच.”

“वाट नाही बघितली?”

“नाही गं. ‘ओ आई, आले’ म्हणाली.”

त्याच संध्याकाळी मिरजेच्या एसटीत ती मला पुन्हापुन्हा तेच सांगायला लावत होती. कशी म्हणाली? हात कुठं होते? रडत होती का? लहान मुलीला गोष्ट सांगावी तशी मी सांगत होते. हातकणंगले मागं पडल्यावर तिनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि झोपली. तिला इतकी सुखी मी त्याआधी पाहिली नव्हती, नंतर तर नाहीच. तो तिच्या आवाजाचा शेवटचा दिवस.

ऑपरेशन झालं. गळ्याला भोक, त्यात नळी. खुणांवर आमचं चालायचं. हिरा दोन बोटं काचेवर टेकवल्यासारखी हवेत ठेवायची आणि ओठांचा चंबू करायची. म्हणजे ‘ओ’. मी हो म्हणायची. नर्सला वाटायचं, बाईला पाणी पाहिजे.

मग कागलहून निरोप आला. मनोरमा दिवस भरायच्या आत बाळंत झाली होती. मुलगा होता. रडलाच नाही.

ते हिरापासून लपवायचं मी ठरवलं होतं. पण निरोप घेऊन आलेला माणूस खोलीत येऊन बोलून मोकळा झाला. हिरानं ऐकलं. रडण्याला आवाज नसला की ते बघवत नाही. त्या दिवसापासून ती खूण बंद झाली. नुसती माझ्याकडं बघायची. तिच्या मनात काय चाललंय ते मला कळत होतं; गावातल्या कुणालाही कळलं असतं. चार सिनेमे आम्हीच सगळ्यांनी मिळून केले होते.

महिन्यानं मनोरमा दवाखान्यात आली. एकटीच. अंगावर शाल, डोळे आत गेलेले. व्हरांड्यात मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, “बरं झालं आलीस. तू ओ दिलीस तेव्हा किती आनंद झाला होता तिला...”

“तुम्ही तिला सांगितलंत?”

“लगेच सांगितलं.”

ती कठड्याला धरून खाली बसली. “घरात रोज ऐकतेय मी, मावशी. त्यांना मी कशाला सांगितलं असेन? ह्यांनीच बापूंकडून ऐकलं. सासूबाई म्हणतात, ओ दिलीस, तू वाचलीस, ते गेलं.”

“असं कुठं असतं का, मनू? काय बोलतेस?”

“नसतं. मला माहीत आहे नसतं.” तिनं शाल ओढून घेतली. “पण रात्री माहीत नसतं.”

ती उठली, तोंड पुसलं आणि आत गेली. मी मागं गेले.

हिरानं लेकीला बघितलं आणि दोन्ही हात पुढं केले. मनोरमा कॉटवर बसली. आईचे हात हातात घेतले. आणि नळावर पाण्याची वेळ सांगावी तशा साध्या आवाजात म्हणाली, “आई, अनसूमावशीनं तुला काहीतरी सांगितलंय. ते खरं नाही. तुझी समजूत काढायला म्हणाली ती. मी ओ दिली नव्हती.”

हिरा तिच्याकडं बघत राहिली.

“मी नुसती उभी होते. गप्प. त्या दिवशी फाटकात होते तशी. दुसऱ्या हाकेची वाट बघत होते.”

हिरानं मग माझ्याकडं पाहिलं. मी काय करायला पाहिजे होतं? मी मान हलवली, हो म्हणून.

हिरानं डोळे मिटले. हात सोडवून घेतले आणि जोडले, भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीकडं बघून, पुन्हापुन्हा. मग मागं उशीवर टेकली. ज्या एका ओसाठी तिनं शेवटचा आवाज खर्ची घातला, ती ओ आली नाही म्हणून देवाचे आभार मानत होती. मनोरमा तिचे केस सारखे करत बसली. मला खोलीत थांबवेना.

हिरा पुढच्या उन्हाळ्यात गेली. तिला खरं काय वाटलं होतं ते कळायला मार्ग नाही. ती नटी होती, हात जोडणं तिला जमत होतं. आईसाठी लेक खोटं बोलू शकते, तर लेकीसाठी आईलाही ते येणारच.

बापूंचा पाचवा भाग झाला नाही. हाकच एवढी मोठी होती, तिच्या तोडीचा सिनेमा काही जमेना. पोस्टरं पावसात भिजून फाटली. बापू पुढं देवाधर्माच्या फिल्मा काढू लागले, त्याही चालल्या नाहीत, अर्धांगानं गेले. सदलगे मुलाकडं बेळगावला गेले, तिथंच वारले. वत्सला फुलवाली हिराच्या तेराव्याला आली होती. रडून रडून म्हणाली, “चेष्टा करायची हो मी.” मनोरमाला पुढं मूल झालं नाही. मास्तरांनी दुसरं लग्न केलं नाही, एवढं त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. ते गेल्यावर ती गडहिंग्लजला एकटीच राहते. मी माझ्या भाच्याकडं, ह्या खोलीत.

गेल्या महिन्यात पुण्याहून दोन मुलं आली होती, चांगली शिकलेली. ‘ओ देऊ नको’चा पाचवा भाग काढताहेत. सदलग्यांच्या मुलाकडं जुनी टेप सापडली. आवाज हिराबाईंचाच ना, एवढं विचारायला आली होती. त्यांनी माझ्या कानाला यंत्र लावून ऐकवली. तिचाच. जसा होता तसा. शेवटपर्यंत ऐकली मी. हाक संपते, मग नुसती खरखर. काचेच्या अलीकडचं टेपवर कसं येणार?

मनोरमाचा फोन आला होता काल.

“मावशी, त्या नव्या सिनेमात तिची हाक घेतलीय म्हणे.”

“घेतलीय.”

“तीच?”

“तीच.”

मग म्हणाली, “इथल्या थेटरात लागला की जाईन म्हणते. पुढच्या रांगेत बसेन.”

मी तिला सांगणार होते, की अगं मनू, पडदा तो, त्याला काय ऐकू येतंय? नाही सांगितलं. तीही सत्तरीकडं झुकली आता. तिला माहीत आहे.